नर्सबाई शेवटच्या कधी आल्या होत्या?

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओट्यावर केसपेपर हातात धरून बसलेल्या एखाद्या बाईला विचारून बघा, "मावशी, इथली सेवा कशी आहे?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "चांगली हाय की." विचारणारा कोण, कुणाचा माणूस, हे तिला ठाऊक नसतं. पुढच्या आठवड्यात नातवाला लस द्यायला तिला इथंच यायचं असतं. आणि तालुक्याच्या खासगी दवाखान्यात हजार-दीड हजार न मोजता ताप उतरला, तर तिच्या हिशेबाने ती सेवा चांगलीच असते.

आता प्रश्न बदला. "आजची सगळी औषधं इथंच मिळाली का, की बाहेरून आणायला चिठ्ठी दिली?" "दिलीय ना चिठ्ठी, ही बघा." "सुईचे पैसे घेतले?" "घेतात थोडे." "नर्सबाई तुमच्या वस्तीवर शेवटच्या कधी आल्या होत्या?" मावशी आठवतात. "पोळ्याच्या आधी." आणि आपण बोलतोय शिमग्याला.

मावशी दोन्ही वेळा खरंच बोलल्या. पहिल्या वेळी आपण त्यांचं मत विचारलं होतं, दुसऱ्या वेळी माहिती. सार्वजनिक सेवांचं मूल्यमापन लोकांकडून करून घेणं म्हणजे काय, हे समजून घ्यायचं तर सुरुवात या फरकापासून करायला हवी. कारण 'लोकसहभाग' हा शब्द आपल्याकडच्या परिपत्रकांत इतका वापरला गेलाय की त्याच्या कडा झिजून गेल्यात. सभेला शंभर माणसं बसवली, चहा दिला, वहीवर सह्या घेतल्या की सहभाग झाला, अशी समजूत आहे. कोणते प्रश्न विचारायचे हे कुणी ठरवलं, उत्तरं कुणी मोजली आणि त्यांवर जाब द्यायला समोर कोण बसलं, या तीन गोष्टींवरून खरा सहभाग ओळखायचा.

महाराष्ट्रात याचं एक चांगलं उदाहरण झालेलं आहे. आरोग्य खात्याबाहेर त्याची फारशी चर्चा होत नाही, म्हणून तेच जरा सविस्तर सांगतो.

सरकारी आरोग्यसेवेवर देशभर तक्रारी होत्याच. २००४ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने जन स्वास्थ्य अभियान या आरोग्य हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनांच्या जाळ्याबरोबर देशाच्या वेगवेगळ्या विभागांत आरोग्यसेवेवर जनसुनवाया घेतल्या. उपचार नाकारलेली, वेळेवर गाडी न मिळालेली, पैसे उकळली गेलेली माणसं तिथे उभी राहून बोलली. पुढच्याच वर्षी, एप्रिल २००५ मध्ये, राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं. त्याच्या आराखड्यात देखरेखीच्या तीन वाटा सांगितल्या होत्या : खात्याने स्वतःची करायची तपासणी, बाहेरच्यांनी करायचं सर्वेक्षण आणि लोकांनी ठेवायची देखरेख. पहिल्या दोन नेहमीच्याच. तिसरी नवी होती.

२००७ मध्ये नऊ राज्यांत तिचा प्रयोग सुरू झाला. महाराष्ट्रात त्यासाठी पाच जिल्हे घेतले : अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचा धाराशिव), पुणे आणि ठाणे. पुण्याच्या 'साथी' या संस्थेकडे राज्यपातळीवरच्या समन्वयाचं काम होतं आणि जिल्ह्या-तालुक्यात स्थानिक संघटना होत्या. प्रत्येक जिल्ह्यात तीन तालुके, तालुक्यात तीन प्राथमिक आरोग्य केंद्रं, प्रत्येक केंद्राखालची पाच गावं, अशी रचना होती. गुणाकार केला तर २२५ गावं होतात. पुढे आणखी जिल्हे जोडले गेले. या कामाचं कागदावरचं नाव 'आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख व नियोजन'. नाव जड आहे, काम साधं आहे.

तक्ता आणि तीन रंग

गावात बैठक होते. पुरुषांची वेगळी, बायकांची वेगळी, आणि दलित किंवा आदिवासी वस्ती गावठाणापासून लांब असेल तर तिथे आणखी एक. हे वेगळं बसणं फार महत्त्वाचं आहे. चावडीवरच्या सभेत 'लसीकरण व्यवस्थित होतं' असं ठामपणे सांगणारा बाप्या लेकराला लस द्यायला कधीच गेलेला नसतो. आणि गावठाणात नर्सबाई दर महिन्याला येत असल्या तरी ओढ्यापलीकडच्या पाड्यावर त्या फिरकल्या नसतील, तर सगळ्या गावाचं एकच उत्तर घेतलं की पाडा त्यात बुडून जातो.

प्रश्न आधी ठरवलेले असतात आणि ते सरकारनेच दिलेल्या आश्वासनांतून काढलेले असतात. हा या पद्धतीतला सगळ्यात हुशार भाग आहे असं मला वाटतं. लोकांनी मनाला येईल ते मागितलं तर अधिकारी म्हणणार, "हे आमच्या हातात नाही." पण उपकेंद्रातल्या नर्सने ठरावीक दिवशी गावाला भेट द्यायची, गरोदर बाईचं वजन, रक्तदाब, रक्त तपासायचं, सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण मोफत व्हायचं, हे सगळं सरकारच्याच कागदावर लिहिलेलं आहे. मग विचारायचं इतकंच की, लिहिलंय ते झालं का?

उत्तरांची बेरीज होते आणि सेवेच्या प्रत्येक भागाला रंग मिळतो. ७५ टक्के किंवा त्याहून जास्त गुण असले तर हिरवा. ५० ते ७४ असतील तर पिवळा. त्याखाली लाल. बाळंतपणाआधीची तपासणी हिरवी, लसीकरण हिरवं, औषधं लाल, वागणूक पिवळी, असा एक मोठा तक्ता तयार होतो आणि गावात सगळ्यांना दिसेल असा लावला जातो. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही तो वाचता येतो. शाळेतल्या पोराचं प्रगतिपुस्तक घरी आल्यावर आई लाल रेघ बरोबर ओळखते, तसंच.

गावाबरोबरच दवाखान्याचाही तक्ता होतो. तिथे ओपीडीतून बाहेर पडणाऱ्या रुग्णांशी बोलणं, डॉक्टरांशी बोलणं, औषधांच्या साठ्याची नोंदवही बघणं, प्रयोगशाळा आणि बाळंतपणाची खोली डोळ्यांनी पाहणं, असं सगळं येतं. एकाच गोष्टीला दोन-तीन बाजूंनी हात लावायचा. नोंदवहीत 'गृहभेट दिली' असं लिहिलंय आणि वस्तीत कुणालाच ती भेट आठवत नाही, तर तिथे काहीतरी विचारण्यासारखं आहे. उलटंही होतं. लोक म्हणतात, "डॉक्टर कधी नसतातच," आणि हजेरी बघितली तर डॉक्टर सकाळी असतात. लोक रोजगाराहून परत येतात संध्याकाळी. मग प्रश्न डॉक्टरांच्या गैरहजेरीचा न राहता ओपीडीच्या वेळेचा होतो. तो सोडवायचा मार्ग वेगळा.

जनसुनवाई

तक्ता भिंतीला चिकटवून सगळे घरी गेले, तर चार महिन्यांत त्याला वाळवी लागते. म्हणून पुढचा टप्पा जनसुनवाई. दवाखान्याच्या आवारात किंवा तालुक्याच्या ठिकाणी मांडव घालतात. एका बाजूला गावोगावचे लोक. समोर वैद्यकीय अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा पातळीची सुनवाई असेल तर जिल्हा आरोग्य अधिकारी. मध्ये काही तटस्थ माणसं : एखादे वकील, पत्रकार, जाणते डॉक्टर, लोकप्रतिनिधी. तक्ता वाचला जातो. ज्यांच्यावर प्रसंग गुदरला ते स्वतः बोलतात. मग अधिकाऱ्याने उत्तर द्यायचं, तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर. काय करणार आणि कधीपर्यंत, ते लिहून घेतलं जातं.

जनसुनवाई म्हणजे कोर्ट नाही. तिथे कुणाला शिक्षा होत नाही आणि पॅनेलने दिलेला निर्णय कायद्याने बंधनकारक नसतो. तरीही तिचा दाब असतो, तो वेगळ्या प्रकारचा. आपल्याकडे साहेबाला भेटायचं म्हणजे चपला बाहेर काढून, हातात अर्ज घेऊन, एकट्याने. जनसुनवाईत बाई एकटी नसते. तिच्यामागे तिची आळी बसलेली असते, आणि "बघतो, करतो, चौकशी करतो" हे जे केबिनमध्ये चालून जातं ते चारशे माणसांसमोर चालत नाही.

राज्यात अशा सुनवायांमध्ये काही मुद्दे पुन्हापुन्हा आले. बाहेरच्या औषधांच्या चिठ्ठ्या. मोफत सेवेसाठी घेतलेले पैसे. सरकारी डॉक्टरांची खासगी प्रॅक्टिस. मुक्कामी न राहणारे कर्मचारी. बाळंतपणानंतर जननी सुरक्षा योजनेचे न मिळालेले पैसे. यातल्या कितीतरी गोष्टी एका सुनवाईत सुटण्यासारख्या होत्या आणि सुटल्याही. औषधसाठ्याचा फलक बाहेर लावायला पैसे लागत नाहीत.

जाब कुणाला?

इथे एक अडचण आहे, आणि ती लक्षात न घेता जिथे जिथे असे कार्यक्रम झाले तिथे ते गावच्या भांडणात संपले. लोकांना दिसते ती नर्सबाई. सपाटीच्या भागात एका उपकेंद्रामागे ५,००० लोकसंख्या धरलेली आहे आणि डोंगराळ, आदिवासी भागात ३,०००. प्रत्यक्षात जागा रिकाम्या असल्या की एकाच बाईवर दोन उपकेंद्रांचा भार येतो. औषध वरूनच आलेलं नाही, गाडीला डिझेलचे पैसे नाहीत, उपकेंद्राचं छत गळतंय. आणि मांडवात सगळे तिच्यावर तुटून पडतात. साखळीतल्या सगळ्यात खालच्या माणसाला, तेही बहुधा बाईला, सगळ्यांसमोर रडवायचं आणि त्याला लोकशाही म्हणायचं, हे मला पटत नाही.

म्हणून तक्त्यातल्या लाल रकान्यांचे सुनवाईआधीच तीन ढीग करावे लागतात. पहिला ढीग इथेच सुटणाऱ्या गोष्टींचा : वागणूक, वेळ, पैसे घेणं, भेटीचा दिवस न पाळणं. दुसरा तालुक्या-जिल्ह्याचा : रिकामी जागा तात्पुरती भरणं, गाडी, दुरुस्ती. तिसरा राज्याचा : औषधखरेदी, पदभरती, निधी. तिसऱ्या ढिगाबद्दल प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना कितीही विचारलं तरी ते खांदेच उडवणार. हे ढीग नीट झाले की एक गंमत होते : डॉक्टर आणि नर्सच लोकांच्या बाजूला येऊन बसतात. कारण औषधं नसताना रुग्णाच्या शिव्या त्यांनीच खाल्लेल्या असतात. जी तक्रार ते स्वतः वर करू शकत नाहीत, ती गावाच्या तोंडून वर जाते.

आफ्रिकेतल्या मलावी देशात केअर या संस्थेने २००२ मध्ये 'सामुदायिक गुणपत्रक' नावाची पद्धत बसवली, तिच्यात ही गोष्ट मुळातच घातलेली आहे. तिथे लोक दवाखान्याला गुण देतात आणि त्याच वेळी दवाखान्याचे कर्मचारी वेगळे बसून स्वतःच्या कामाला गुण देतात. मग दोन्ही पत्रकं एकत्र मांडून समोरासमोर चर्चा. जिथे दोघांनीही कमी गुण दिलेत तिथे वाद नसतो, काम सुरू करता येतं. जिथे कर्मचाऱ्यांनी भरघोस आणि लोकांनी कमी दिलेत, तिथे बोलायचं.

आशाताईंची अवस्था तर त्याहून अवघड. त्या गावच्याच, गावच्या आरोग्य समितीतही असतात, आणि मोबदला त्यांना खात्याकडून मिळतो. सगळ्यात जास्त माहिती त्यांच्याकडे आणि सगळ्यात कमी बोलायची सोय त्यांनाच. त्यांना माइक देऊन "खरं सांगा" म्हणणं हा अन्याय आहे. त्यांच्याकडची माहिती तक्त्यात यावी, नाव येऊ नये.

राजस्थानचा कागद, बंगळूरचं सर्वेक्षण

जनसुनवाई हा शब्द आपल्याकडे आला तो बराचसा राजस्थानातून. मजदूर किसान शक्ती संघटनेने २ डिसेंबर १९९४ रोजी कोट किराना इथे पहिली जनसुनवाई घेतली. तिथली युक्ती सोपी होती. पंचायतीच्या कामांची मस्टर आणि बिलं कशीबशी मिळवायची आणि गावासमोर मोठ्याने वाचायची. अमक्याने इतके दिवस काम केलं, इतकी मजुरी घेतली. आणि गर्दीतून आवाज यायचा, तो तर कधीच मेलाय, किंवा तो तर त्या महिन्यात गावात नव्हताच. गावाला ठाऊक असलेली माहिती आणि कागदावर लिहिलेली माहिती पहिल्यांदाच एका मांडवात आली होती. त्या कागदांसाठीच्या लढ्यातून माहिती अधिकाराची मागणी उभी राहिली, महाराष्ट्रात अण्णा हजारेंच्या आंदोलनाने ती पुढे नेली आणि २००५ मध्ये देशाचा कायदा झाला. त्याच वर्षीच्या रोजगार हमी कायद्याच्या कलम १७ मध्ये सामाजिक अंकेक्षणाचा, म्हणजे लोकांनी मिळून सरकारी कामाचा हिशेब तपासायचा, अधिकार थेट ग्रामसभेला दिला गेला. रोजगार हमीची कल्पना मूळ आपल्या महाराष्ट्राची, तिच्यावर नजर ठेवायची ही रीत राजस्थानची. देवाणघेवाण बरी झाली म्हणायची.

शहरात मात्र मांडव घालून भागत नाही. एका वॉर्डात पन्नास-साठ हजार माणसं, कोण कुणाला ओळखतो? बंगळूरला सॅम्युएल पॉल यांनी १९९४ मध्ये वेगळा रस्ता धरला. पाणी, वीज, टेलिफोन, महापालिका अशा यंत्रणांशी गेल्या काही महिन्यांत ज्यांचा संबंध आला, अशा कुटुंबांचं नमुना सर्वेक्षण करायचं आणि प्रत्येक यंत्रणेचं प्रगतिपुस्तक वर्तमानपत्रांतून छापायचं. पहिल्या फेरीत बंगळूर विकास प्राधिकरणावर समाधानी असणाऱ्यांचं प्रमाण जेमतेम १ टक्का निघालं. मग १९९९ आणि २००३ मध्ये पुन्हा फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीनंतर बहुतेक यंत्रणा ढिम्म होत्या. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपर्यंत चित्र बरंच सुधारलं. प्रगतिपुस्तक दरवर्षी येणार हे कळल्याशिवाय पोरगं अभ्यासाला बसत नाही. तरी या पद्धतीत एक उणीव राहतेच : सर्वेक्षणात लोक उत्तरं देतात, प्रश्न तज्ज्ञ ठरवतात आणि निकाल पेपरात वाचायला मिळतो. दवाखान्यातल्या मावशी आणि डॉक्टर एकमेकांसमोर येत नाहीत.

याने खरंच फरक पडतो का?

महाराष्ट्रातल्या पहिल्या टप्प्यात, २००८ ते २००९ च्या दरम्यान, तक्त्यांच्या तीन फेऱ्या झाल्या. गावपातळीवरच्या सेवांना मिळालेल्या 'चांगल्या' शेऱ्यांचं प्रमाण पहिल्या फेरीत सुमारे ४८ टक्के होतं, दुसरीत ६१, तिसरीत ६६. आकडे छान आहेत. पण ज्या लोकांनी देखरेख केली त्यांनीच गुण दिलेत, आणि ज्या गावांत हे झालंच नाही तिथे त्याच काळात काय झालं, ते या आकड्यांवरून कळत नाही. अभियानामुळे त्या वर्षांत सगळीकडेच पैसा आणि माणसं वाढत होती. तेव्हा सुधारणा झाली हे खरं, तिचं श्रेय कुणाला किती, हे या आकड्यांनी ठरत नाही.

असा हिशेब युगांडात करून बघितला गेला. तिथल्या ५० दवाखान्यांपैकी निम्म्यांच्या परिसरात लोक आणि कर्मचाऱ्यांच्या बैठका घेऊन गुणपत्रकं आणि कृतियोजना केल्या, निम्मे तसेच ठेवले. कोणते कुठे, ते सोडतीने ठरवलं. २००९ मध्ये निकाल छापून आला : पाच वर्षांखालच्या बालकांचे मृत्यू एक तृतीयांशाने घटले. जगभर टाळ्या पडल्या आणि निधी देणाऱ्या संस्था या पद्धतीच्या मागे लागल्या. मग काही वर्षांनी त्याच देशात, कितीतरी जास्त दवाखान्यांवर, तोच प्रयोग पुन्हा झाला. या वेळी उपचारांचा दर्जा थोडासा सुधारलेला दिसला, बालमृत्यूंवर परिणाम दिसला नाही.

हे वाचून कुणी म्हणेल, मग कशाला हा खटाटोप? मला त्यातून दुसरं दिसतं. बैठक घेणं हे औषध नाही. बैठकीनंतर वर कुणी ऐकणारं असेल, हातात सोडवण्याजोगी अडचण असेल, तर बैठकीने फरक पडतो. औषधाचा पुरवठाच वरून बंद असेल तर गावाने कितीही लाल रंग भरला तरी गोदाम रिकामंच राहणार. आणि फरक फक्त मृत्यूदरातच मोजायचा का, हाही प्रश्न आहे. सुईचे वीस रुपये घेणं थांबलं तर बालमृत्यू घटत नाहीत. रोजंदारीवरच्या बाईचे वीस रुपये मात्र वाचतात.

सहभागाची नक्कल

या सगळ्याची एक स्वस्त आवृत्ती आता सगळीकडे दिसते. दवाखान्यात, बँकेत, सार्वजनिक शौचालयाबाहेर हसरा, मख्ख आणि रडका चेहरा असलेलं यंत्र. रडका चेहरा दाबला की काय होतं? कुणालाच माहीत नाही. आमच्या भागात स्वच्छ सर्वेक्षणाच्या दिवसांत पालिकेचा एक कर्मचारी दारोदार फिरत होता. म्हणाला, "साहेब, फोन द्या जरा, मीच भरतो." त्याने माझ्याच फोनवरून माझ्या शहराला भरघोस गुण दिले, आभार मानले आणि पुढच्या दारावर गेला. कोपऱ्यावरचा कचरा तिथेच होता. त्या बिचाऱ्यालाही आकडा दिला असणार, रोज इतके फोन.

अमेरिकेतल्या शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. सगळ्यात खालच्या पायरीवर लोकांना नुसतं वापरून घेणं, सगळ्यात वर लोकांच्या हाती ताबा, आणि मध्ये कुठेतरी 'माहिती देणं' आणि 'मत विचारणं', ज्यांना त्यांनी देखाव्यात जमा केलं. हसऱ्या चेहऱ्याचं यंत्र त्या मधल्या पायरीवर. माझ्या फोनवरून झालेला प्रकार सगळ्यात खालच्या.

आणखी एक पेच आहे आणि त्याला सोपं उत्तर नाही. लोकाधारित देखरेखीला पैसा सरकारच देतं. म्हणजे ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच खिशातून राखणदाराचा पगार. निधी उशिरा आला की काम मंदावतं, आणि जास्त टोकदार सुनवाई झाली की पुढचा हप्ता येईल ना, ही शंका मनात राहते. दुसरीकडे, सरकारी आदेशाचा कागद हातात असल्याशिवाय दवाखान्याची नोंदवही कुणी उघडून दाखवत नाही, हेही तितकंच खरं. मेघालयाने २०१७ मध्ये सार्वजनिक सेवांच्या सामाजिक अंकेक्षणाचा स्वतंत्र कायदाच केला, असं करणारं ते पहिलं राज्य. कायदा झाला म्हणजे सगळं झालं असं नाही, पण निदान सुनवाई घ्यायची की नाही हे एखाद्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहत नाही. महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. दाखला ठरल्या मुदतीत मिळाला नाही तर त्याखाली अपील करता येतं. पण तो एकेकट्या अर्जदाराचा हक्क आहे. गावाने मिळून सेवेला गुण देण्याची सोय त्यात नाही.

तुमच्या गावात करायचं तर

मोठ्या कार्यक्रमाची वाट बघायची गरज नाही. प्रत्येक गावात कागदावर एक आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहे आणि तिच्यासाठी वर्षाला १०,००० रुपयांच्या अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे खर्च करता येणाऱ्या, निधीची तरतूद आहे. शाळेसाठी व्यवस्थापन समिती आहे, शिक्षण हक्क कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. या समित्यांवर कोण आहे, हे बऱ्याच वेळा त्या समित्यांवरच्यांनाही माहीत नसतं. पहिलं काम ते. ग्रामपंचायतीत जाऊन यादी मागायची.

मग एकच सेवा निवडा. दवाखाना किंवा अंगणवाडी किंवा रेशन. सगळं एकदम हाती घेतलं की काहीच होत नाही. त्या सेवेबद्दल सरकारने काय काय देऊ केलंय ते शोधून दहा-बारा प्रश्न काढा, असे की उत्तर 'हो', 'नाही' किंवा आकडा असेल. 'रेशन वेळेवर मिळतं का?' हा वाईट प्रश्न. 'या महिन्यात दुकान किती दिवस उघडं होतं, किती किलो मिळालं, पावती मिळाली का?' हे तीन चांगले. बायकांमध्ये वेगळं बसा, वस्तीवर वेगळं. दुकानदाराला किंवा डॉक्टरांना तक्ता आधी दाखवा, त्यांची बाजू त्यावर लिहा. सभेत अचानक बॉम्ब टाकायची हौस आवरा. जे चांगलं चाललंय ते हिरवं रंगवायला विसरू नका, नाहीतर पुढच्या वेळी ते लोक दारही उघडणार नाहीत. मग महिला ग्रामसभेत आणि ग्रामसभेत तो तक्ता वाचा, ठराव करा, आणि ग्रामसेवकाने (आताचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) तो ठराव खरोखर इतिवृत्तात लिहिलाय ना ते सही करण्याआधी वाचून बघा. हे शेवटचं वाक्य मी अनुभवाने लिहितोय.

सहा महिन्यांनी तोच तक्ता, तेच प्रश्न. प्रश्न बदलले की तुलना संपली. फक्त एका प्रश्नाची जागा शेवटी रिकामी ठेवा आणि उठण्याआधी मावशींना विचारा, यात काय विचारायचं राहिलं? तक्ता करणारे आपण सगळे औषधं, हजेरी, निधी यांत गुंतलेले असतो. त्या जरा घुटमळतात, शेजारणीकडे बघतात आणि म्हणतात, "बाळंतपणाच्या खोलीच्या दाराला आतून कडी नाही."